पंगतीत खुर्च्या कोणी मागितल्या होत्या?

मंडळी, तुम्ही दुपारीच घरी पोहोचल्याचं लिहिलं, मी आता संध्याकाळी उत्तर देऊन राहिलो, माफ करा. एका बोटाने टाइप करतो, अन् आज रागाने दोनदा लिहून पुसलं.

बोरगावला माझ्या पुतण्याकडे वास्तूची पंगत होती. आपल्या योगाच्या अख्ख्या ग्रुपला बोलावणं होतं. मी पत्रावळीपुढे बसायला गेलो, तर पुतण्याने प्लास्टिकची खुर्ची सरकवली. "काकाजी, वरतेच बसा नं. खाली बसले त उठवाले चार जण लागतीन!" सगळे हसले.

"मी रोज वज्रासनात बसतो. तू बसून दाखव बे!" असं म्हणून मी खालीच बसलो.

पण खरा राग तुमच्यावर आहे. मान वळवून पाहिलं, तर तुम्ही पाचही जण भिंतीशी खुर्च्यांवर, ताट मांडीवर घेऊन! मग रोज सकाळी सतरंजीवर आपण करतो तरी काय? दोन वर्षांपूर्वी मला मांडी घालता येत नव्हती. तेव्हा तुम्हीच धरून बसवलं होतं ना मला?

खोटं बोलत नाही, उठताना माझा गुडघा लटपटला. हात टेकला असता तर पुतण्या धावलाच असता. असा एकटा मी किती दिवस खाली बसेन?

रविवारी सौंसरला माझ्या घरी नातीच्या बारशाची पंगत आहे. मी एकही खुर्ची सांगितली नाही. माझ्या शेजारी खाली कोण बसणार, तेवढं लवकर कळवा.