फक्की न मारलेला रविवार

झिग्मुंट पावेलचाक त्या रविवारी दारू पिऊन मैदानावर आला होता, असं सोमवारच्या पेपरात छापून आलं. साफ खोटं. सकाळी तो चर्चमध्ये सहाच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, गेला होता, तिथून थेट कामावर आला, आणि दुपारी एकपर्यंत त्याच्या पोटात काळ्या कॉफीशिवाय काही नव्हतं. मला ठाऊक आहे, कारण कॉफी मीच ओतली होती. मी लॉरेन. त्याच्या हाताखाली बावीस वर्षं बेसबॉलचं मैदान राखलं. पेपरवाल्यांनी मला विचारलं नाही, म्हणून आता न विचारता सांगते.

झिगी, म्हणजे झिग्मुंट, आमच्याच शहराच्या दक्षिण भागातला, पोलिश वस्तीतला. बाप कातड्याच्या कारखान्यात, आई अंगणाच्या वीतभर तुकड्यात बटाटे काढणारी. सतराव्या वर्षी तो जुन्या मैदानावर ताडपत्री ओढायला लागला आणि पुढे तिथलाच मुख्य माळी झाला. शहरालगतच्या सरोवरावरून ढग आला की बारा माणसांनी दोन मिनिटांत मातीवर ताडपत्री अंथरायची, हे आमचं काम. मी नवी होते तेव्हा त्याने एकच धडा दिला : ताडपत्रीच्या कडेची दोरी मनगटाला गुंडाळू नको. ताडपत्रीच्या पोटात वारा शिरला तर ती माणसाला घेऊन उडते. पाऊस थांबला की त्याहून दुप्पट घाईने ती काढायची, कारण उन्हात तिच्या कडेखालचं गवत शिजतं.

माणसांशी तो तिरसटच होता. लाखो डॉलर घेणारा एक गोलंदाज एकदा म्हणाला, मी चेंडू टाकतो तो मातीचा उंचवटा बोटभर वाढव. झिगी म्हणाला, "नियमात दहा इंच आहे. तुला उंच व्हायचं असेल तर टाचेचे बूट घाल." गवताशी मात्र तो गोड बोलायचा. गुडघ्यावर बसून, पोलिश भाषेत. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, हसा, पण पाय गवताबाहेर ठेवून हसा.

मग पंचाण्णव साली नव्या मैदानाचं निघालं. नुसतं नवं नाही, वर उघडझाप होणारं छत. त्यासाठी विक्रीकरात वाढ, म्हणजे प्रत्येकाच्या खिशाला चाट. झालं! शहराचे दोन तट पडले, छतवाले आणि आभाळवाले. सख्खे भाऊ दर शुक्रवारी बारमध्ये मासे खायला जायचे, तेही वेगळ्या टेबलावर बसू लागले. झिगीच्या तर घरातच विरोधी पक्ष. त्याची बायको व्हलेरिया पक्की छतवाली. ती म्हणायची, "तीस वर्षं तुझ्या ओल्या पँटी वाळवतेय मी. बांधा म्हणावं छत, उद्याच बांधा!"

शाळेच्या जिमखान्यात जाहीर सभा झाली. उत्तरेकडचा एक दूधवाला शेतकरी उठला. "चार तास गाडी हाकत येतो. पोरं मागे बसून गाणी म्हणतात. आणि इथे येऊन बघतो काय, तर ताडपत्री! पोरांना काय सांगू, ताडपत्री छान होती?" लोक हसले, पण त्याचं खरं होतं. त्यावर आमच्या कोपऱ्यावरचा बारवाला लिरॉय झास्ट्रो ओरडला, "भिजायची भीती असेल तर घरी बसून रेडिओ ऐक! बेसबॉल आभाळाखालीच खेळायचा असतो!" लिरॉय आभाळवाल्यांचा पुढारी. त्याला झिगीकडून एकच वाक्य हवं होतं : छताखाली गवत मरतं. आणि संघाच्या मालकांना उलटं वाक्य हवं होतं. दोघांनीही त्याला आधीच गाठलं होतं. मालकांनी नव्या मैदानावरची नोकरी दाखवली, लिरॉयने फुकट बिअर.

झिगी उठला. हातात खोका. खोक्यातून त्याने गवताचे दोन चौकोन काढले आणि मातीसकट टेबलावर, अध्यक्षांच्या कागदांवरच, ठेवले.

"गेले दोन उन्हाळे मी मैदानामागे एका वाफ्यावर लाकडी झाकण बसवलंय," तो म्हणाला. "नकाशातलं छत जेवढी सावली धरेल तेवढीच सावली धरणारं. हे पहिलं गवत बघा. रोज सकाळी झाकण उघडलं, दुपारी लावलं. जिवंत आहे."

लिरॉयचा चेहरा पडला. मालकांची माणसं टाळ्या वाजवायला लागली.

"थांबा, घाई काय आहे? हे दुसरं. आठवडाभर झाकण उघडलंच नाही." दुसरा चौकोन जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा होता. "मला छत नको. मला पाऊस आवडतो, तो माझा प्रश्न. पण मी खोटं बोलणार नाही, ना याच्या बिअरसाठी, ना तुमच्या नोकरीसाठी. छत बांधायचं तर बांधा. फक्त एवढं लिहून द्या, की कोरड्या दिवशी ते सकाळी उघडायचं आणि ते माळी ठरवणार. बटण वरच्या हापिसात राहिलं तर गवत गेलंच समजा."

अध्यक्ष म्हणाले, असले बारीकसारीक मुद्दे नंतर पाहू.

"मुळं बारीकच असतात," झिगी म्हणाला आणि बसला. त्या रात्री त्याच्याशी कुणीच बोललं नाही. छतवाल्यांना तो आडमुठा वाटला, आभाळवाल्यांना फितूर. व्हलेरिया तेवढी म्हणाली की टेबलावर माती टाकायची नव्हती.

छत मंजूर झालं. लिहून काही मिळालं नाही. तरी नव्या मैदानावर मुख्य माळी म्हणून त्यालाच घ्यावं लागलं, कारण तशी माती राखणारा दुसरा होता कुठे?

नव्या मैदानाच्या पहिल्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, ते झालं. मैदानाचा कारभार ग्रँट हॅल्व्हर्सन नावाच्या माणसाकडे होता. वर काचेच्या खोल्या होत्या, तिथल्या पाहुण्यांची तक्रार आली की उन्हाची तिरीप डोळ्यांत जाते आणि गार हवा बाहेर पळते. हॅल्व्हर्सनने छत बंद केलं ते बंदच. बाहेर खणखणीत ऊन आणि आत दिवे. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. झिगी रोज सकाळी चिठ्ठी पाठवायचा : आज कोरडं आहे, उघडा. सातव्या दिवशी तो स्वतः वर गेला, मीही बरोबर गेले.

"गवत मेलं तर नवं अंथरू," हॅल्व्हर्सन म्हणाला. "तयार गुंडाळ्या मिळतात, झिगी. एवढं काय मनाला लावून घेतोस?"

"आणि ते मेलं तर?"

हॅल्व्हर्सन पुढचे कागद चाळू लागला. त्याच्या टेबलावर हिरव्या प्लॅस्टिकच्या नकली गवताचा तुकडा होता, कागद उडू नयेत म्हणून ठेवल्यासारखा. झिगीने तो उचलला, उलटा केला, नाकाशी नेला आणि परत ठेवला. जिन्यात तो मला म्हणाला, "ठरवूनच मारतायत ते. मेलं की म्हणणार, बघा, आम्ही प्रयत्न केला, आणि ते प्लॅस्टिक अंथरणार."  

दोन दिवसांनी तो रविवार. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सामना, छत अजून बंद. आम्ही माती ओढली, पाणी मारलं, धावणाऱ्यांच्या टप्प्यांवर बेस बसवले. राहिली फक्की. फलंदाजाच्या चौकटी आणि हद्दीच्या दोन रेषा आखायच्या, की मैदान तयार. झिगीने फक्कीची गाडी होम प्लेटपाशी, फलंदाज उभा राहतो तिथे, आणून उभी केली आणि गाडीवरच बसला.

मुख्य पंच आला. जुना माणूस, झिगीला ओळखणारा.

"झिगी, रेषा कुठायत?"

"गाडीत."

"मग काढ की बाहेर."

"आधी ऊन आत येऊ दे. छत उघडलं की मारतो."

पंचाने वर पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुला नियम माहितीय ना? मी सांगूनही यजमानांनी मैदान तयार केलं नाही, तर सामना मी पाहुण्यांना देऊन टाकीन."

"माहितीय. म्हणून तर बसलोय."

"पंधरा मिनिटं," पंच म्हणाला आणि घड्याळ काढलं.

चाळीस हजार लोक होते. आधी कुणाला कळेना. मग कळलं, आणि त्यांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. हॅल्व्हर्सनची नाही, झिगीची. एकाने तर सॉसेज फेकून मारला. झिगीने तो वाकून उचलला, कारण गवतावर मोहरीची चटणी पडलेली त्याला चालत नाही.

हॅल्व्हर्सन चकचकीत बुटांनी धावत खाली आला. "ऊठ! उद्यापासून तू कामावर नाहीस!"

"उद्याचं उद्या बघू. आज आहे ना?"

हॅल्व्हर्सन माझ्याकडे वळला. "लॉरेन, तू मार रेषा. चल!"

खोटं कशाला सांगू, मला नोकरी हवी होती. घराचे हप्ते होते, पोरगी कॉलेजात जायची होती. झिगीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याचाच मला राग आला. मी रेषा मारीन असं वाटलं की काय त्याला? मी हात खिशात घातले. माझ्यामागे अकराजण उभे होते, त्यांनीही घातले.

मग हॅल्व्हर्सनने जे केलं ते आमच्या धंद्यातल्या माणसाने स्वप्नातही केलं नसतं. त्याने गाडीची मूठ धरली आणि झिगीला हिसका देऊन उठवलं. दोरी न ताणता, खुंटी न मारता, गाडी तो सरळ ढकलत निघाला. फक्कीची रेषा अशी निघाली की साप बरा. दहा पावलांत ती हद्द सोडून पाहुण्या संघाच्या बाकांकडे चालली. त्या बाकांवरचे खेळाडू हसायला लागले, मग लोक हसायला लागले. पंचाने रेषा बुटाने पुसली. "ही मी धरणार नाही, साहेब. नऊ मिनिटं राहिली."

हॅल्व्हर्सनने वर काचांकडे पाहिलं. तिथल्या मालकांपैकी कुणीतरी हाताने खूण केली असावी, कारण थोड्या वेळाने छत कुरकुरत हललं. पंचाने घड्याळ खिशात घातलं.

पहिल्या बेसच्या बाजूने ऊन आत शिरलं आणि हळूहळू सरकत गेलं. आणि तेव्हा लोकांना दिसलं. दिव्यांखाली सगळं हिरवं वाटत होतं, उन्हात उजवीकडचा अख्खा तुकडा पिवळा, मेलेला. चाळीस हजार माणसं उठून तिकडे बघायला लागली. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. झिगीने दोरी ताणली, मी दुसरं टोक धरलं, आणि त्याने रेषा मारल्या, रोजच्यासारख्या, घाई न करता. सामना आम्ही हरलो.

संध्याकाळी त्याला काढलं. किल्ल्या मागायला सुरक्षारक्षक पाठवला, जसा काही तो कुदळ चोरणार होता. पंचेचाळीस वर्षं! मला तेव्हा राग आला होता, अजून आहे, आणि जाऊ नये असं वाटतं.

मंगळवारी सकाळी हॅल्व्हर्सनने मला बोलावलं. मुख्य माळ्याची जागा तुझी, पगार एवढा. मी म्हटलं, "आधी लिहून द्या. कोरड्या दिवशी सकाळी छत उघडणार, आणि ते माळी ठरवणार."

"तूसुद्धा?" तो म्हणाला.

"मीसुद्धा. बाकीच्या अकरांना विचारून बघा हवं तर."

त्याने कपाळाला हात लावला, टंकलेखिकेला बोलावलं आणि सही केली. मी कागद घेऊन धावत झिगीच्या घरी गेले. तो स्वयंपाकघरात बसला होता. इतक्या वर्षांत मंगळवारी सकाळी घरी बसलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. व्हलेरिया बटाटे सोलत होती, तावातावाने.

"छत मलाच हवं होतं," ती मला म्हणाली. "अजूनही हवंय. पण बंदच ठेवा असं मी कधी म्हटलं होतं? घराला दार असतं म्हणून कुणी आत कोंडून घेतं का?"

मी कागद पुढे केला. मला वाटलं, त्याचे डोळे भरून येतील. त्याने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. बोट मध्येच थांबलं.

"'शक्यतो उघडण्यात येईल.' हे 'शक्यतो' कुणी घातलं?"

"झिगी, अरे त्याने सही केली. एवढं मिळालं हेच..."

"शक्यतो म्हणजे मालकाची मर्जी. सभेतलं 'नंतर पाहू' म्हणजे हेच." त्याने कागद घडी करून माझ्या हातात कोंबला. "तुझं मैदान आहे आता. जा, खोडून आण."

मी तशीच परत गेले. हॅल्व्हर्सन टेबलावर सँडविच खात बसला होता. कागद मी त्याच्या पुढ्यात ठेवला, शब्दावर बोट ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"जेवा सावकाश," मी म्हटलं. "सामना सातला आहे, आणि फक्कीची गाडी मी कुलपात ठेवलीय."