रॉयल पागेचा उतार

“मॅडम, फरशी तिरकी हाय,” अण्णा म्हणाले आणि पुरावा म्हणून खिशातलं लिंबू जमिनीवर सोडलं. लिंबू गडगडत गेलं आणि मागच्या भिंतीलगतच्या दगडी नालीत पडलं.

“म्हणजे अजून बरोबर आहे,” मी म्हटलं. अण्णांना ते आवडलं नाही.

निपाणीजवळ जुन्या रस्त्यावर अण्णांच्या मालकीची एक सराई आहे. पुढच्या खोल्यांत वाटसरू मुक्काम करायचे, मागच्या लांबट तबेल्यात त्यांची घोडी. त्या तबेल्याचं रेस्टॉरंट करायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी बेळगावची आर्किटेक्ट, जुन्या इमारती दुरुस्त करणारी. अण्णांनी नाव आधीच ठरवलेलं: रॉयल पागा. खरं तर तिथं टांग्यांची थकलेली घोडी हरभरे चावत उभी असायची. रॉयल काही असलंच तर ते अण्णांच्या डोक्यात होतं.

बांधणारा मात्र हुशार. घोड्याला मान फार वाकवावी लागू नये अशा उंचीवर दगडी गव्हाणी. छताखाली झरोके, म्हणजे उबट वास वरच्या वर जावा. आणि हा उतार. घोडा उभ्या उभ्या मुततो आणि बादलीच्या हिशेबात मुततो. ते नालीत जावं, नालीतून भिंतीच्या भोकातून बाहेर नारळाला मिळावं, एवढा साधा विचार.

अण्णांना तिथं चकचकीत टाइल्स हव्या होत्या. ट्रक येऊन गेला होता, टाइल्सची थप्पी ताडपत्रीखाली तयार होती.

“टाइल्सखाली काँक्रीट येणार,” मी समजावलं. “जमिनीतली ओल मग वर यायची वाट शोधत भिंतीत चढते. या चुन्याच्या भिंती आहेत. फुगतील, गिलावा सुटेल.”

“ते नंतरचं नंतर. टेबल डुगडुगलं तर लोक मला हसतील.”

“टेबलाचे पाय कापू. जमीन नको.”

“मी हितला मालक हाय का न्हाय?”

गव्हाणीच्या कडेवर बसून शेंगा सोलणाऱ्या आक्का, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, मध्ये पडल्या. “तुझ्या घरातली फरशी सपाटच हाय की रं. तिथं कोण येतंय जेवायला?”

अण्णा लाल झाले. शेवटी निकाल दिला, “पोराचं रिसेप्शन हितंच हाय. एक जरी पाव्हणा घसरला, एक जरी वाटी कलंडली, तर दुसऱ्या दिवशी टाइल्स. आणि मॅडम, तुमची सुट्टी.”

मला ती इमारत सोडायची नव्हती. मी सुताराच्या मागं लागून प्रत्येक टेबलाचे उताराकडचे पाय लांब ठेवून घेतले आणि प्रत्येक टेबलावर काठोकाठ रश्श्याची वाटी ठेवून बघितली. सुतार म्हणाला, रस्सा वाया घालवू नका, मी पितो.

रिसेप्शनला नवरदेव घोड्यावरून अंगणात आला. इथपर्यंत ठीक. मग अण्णांना सुचलं, की घोडा गव्हाणीपाशी उभा करून फोटो काढायचा. “पागा हाय, घोडा नको व्हय?” मी नको म्हटलं. ऐकतंय कोण!

घोडा आत आला, गव्हाणीत तोंड घातलं आणि घरी आल्यासारखा निवांत झाला. पूर्ण निवांत.

इरकली नेसलेल्या बायका किंचाळत खुर्च्यांवर चढल्या. फोटोग्राफरनं कॅमेरा डोक्यावर धरला. पण तो लोंढा लिंबाच्याच वाटेनं गेला. एका टेबलाला स्पर्श न करता नालीत उतरला आणि भोकातून बाहेर. आक्कांनी मागोमाग दोन बादल्या पाणी सोडलं. खेळ खल्लास. वाटीतला रस्सासुद्धा हलला नाही. सपाट टाइल्सवर तेच पाणी थेट जिलेबीच्या काउंटरपर्यंत पसरलं असतं.

अण्णा व्याह्यांकडं वळून म्हणाले, “म्हणून तर स्लोप तसाच ठेवायला सांगिटलो. मॅडम टाइल्स म्हणायलत्या, मी न्हाय ऐकलो.”

आक्कांनी माझ्याकडं बघून डोळा मारला. मी जिलेबी घेतली.

टाइल्स शेवटी अण्णांच्या घराच्या हॉलमध्ये लागल्या. तिथं अजून कुणी जेवायला जात नाही. आणि मी उताराबद्दल क्लायंटशी वाद घालणं सोडलंय. ज्याच्यासाठी इमारत बांधली होती, त्याला एकदा आत येऊ देते.