पिवळ्या ठिपक्याचा भुंगेरा

"सर, तुमचा ठिपका गेला."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्राचार्यांच्या केबिनमधला फोन, एसटीडी कॉल. पलीकडे म्युझियमच्या कीटक विभागातल्या मॅडम. इकडे मी, बारामतीच्या एका कॉलेजातला झूऑलॉजीचा मास्तर. समोर कान टवकारून बसलेले प्राचार्य.

"गेला म्हणजे?"

"नमुना धुळकट होता, म्हणून अल्कोहोलच्या ब्रशनं पुसला. ठिपका ब्रशला आला. मग तुमची जात नवी कशावरून? दोन आठवड्यांत खुलासा पाठवा. नाहीतर अशी जातच नाही, असं मला छापावं लागेल."



आदल्या पावसाळ्यात इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीजवळच्या ओढ्याकाठी, बाभळीच्या कुजक्या बुंध्यावर मला तीन भुंगेरे सापडले होते. लालभडक, पंखांवर उभ्या-आडव्या रेघांची जाळी. म्हणून यांना जाळीपंखी म्हणतात. टाचणीला लावून पेटीत ठेवले आणि दसऱ्याला सोमेश्वरनगरला सासुरवाडीला गेलो. परत येऊन मायक्रोस्कोपखाली धरले, तर मानेवर पिवळाधमक ठिपका! एकालाच असता तर शंका आली असती. तिघांनाही होता, आणि अगदी त्याच जागी. असा ठिपका कुठल्याच पुस्तकात नव्हता. पकडताना तो दिसला नव्हता हे खरं, पण तेव्हा माझा चष्मा भिजलेला होता.

शोधनिबंध छापून आला. लॅटिनमध्ये 'पिवळ्या ठिपक्याचा' असं नाव ठेवलं. तिघांतला एक होलोटाइप म्हणून म्युझियमला गेला. ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव टांगलेलं असतं, तो होलोटाइप. प्राचार्यांनी मला शाल-श्रीफळ दिलं आणि गेटवर अभिनंदनाचा बोर्ड लावला.

फोन ठेवून मी लॅबमध्ये धावलो. उरलेल्या दोघांपैकी एकावर ओला कापूस फिरवला. कापूस पिवळा झाला. आमचे लॅब अटेंडंट भिकाआबा, नोकरीत माझ्याहून जुने, त्यांनी कापसाचा वास घेतला.

"हळद हाय, सर."

"हळद कुठून आली?"

"मीच लावली की. खंडेनवमीला. दरसाल समद्या हत्यारांची पूजा करतो न्हवं? मायक्रोस्कोपला लावली, वजनकाट्याला लावली, मग ह्यांनीच काय घोडं मारलंय? उदबत्तीच्या काडीनं, बेतानं लावली. पाय मोडंल म्हनून श्वास बी घेतला न्हाय."

"आणि कुंकू?"

"त्ये बी लावलं. लालावर लाल, तुमास्नी दिसलं नसंल."

राग यायला हवा होता. पण मायक्रोस्कोपवरचं हळदकुंकू मी स्वतः फडक्यानं पुसलं होतं आणि त्याच मायक्रोस्कोपखाली ठिपक्याचा शोध लावला होता. ओरडणार कुणावर?

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी खिडकीतून बोर्डाकडे बघितलं.

"सत्कार मागे घेता येतो का हो?"

"शाल बायकोनं सोफ्यावर घातलीय, सर."

एकच वाट उरली. भुंगेऱ्यांची खरी ओळख पटते ती नराच्या जननेंद्रियावरून. प्रत्येक जातीची घडण निराळी असते. हे मी आधीच तपासायला हवं होतं, पण तीनच नमुने, कापायला जीव होत नव्हता. आता उरलेल्यांतल्या नराच्या पोटाचं टोक कापलं आणि मऊ भाग विरघळावा म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायला ठेवलं. स्टोव्हला पंप मारता मारता आबा पुटपुटत होते, "देवा, कायतरी येगळं निगू दे."

निघालं! टोकाला हुकासारखे दोन आकडे, तेही उलटे वळलेले. माहितीतल्या कुठल्याच जातीत असे आकडे नव्हते. चित्र काढून रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

आठवड्याभरानं फोन आला. "जात नवी आहे, सर. खरोखर नवी." डोळ्यांत पाणी आलं.

"नाव बदलतो मग, मॅडम."

"नाही बदलता येत. एकदा छापलं की गैरलागू असलं तरी तेच नाव. नियम आहे."

त्यामुळे आमचा भुंगेरा पिवळ्या ठिपक्याचा म्हणूनच नोंदला गेलाय, आणि ठिपका त्याच्या अख्ख्या जातीत कुणालाच नाही. नमुना आधी पुसावा, मग शोध लावावा, एवढं मी शिकलो.

पुढच्या खंडेनवमीला मी पेटीला कुलूप घालून सासुरवाडीला गेलो. परत आलो, तर आबांनी कुलपाला हळदकुंकू लावलं होतं.