आखाजीची शिवी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आईचं म्हणणं. एका जागी बसून मला धड जेवतासुद्धा येत नाही. त्यामुळे टाळेबंदीत सगळा देश घरात बसला, तेव्हा नंदुरबारच्या आमच्या तीन खोल्यांत माझं काय झालं असेल ते विचारू नका. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारात, दारातून परत आत. नवरा म्हणायचा, "फरशी झिजवू नकोस, घर भाड्याचं आहे." मी त्याच्यावर खेकसायचे आणि पुन्हा चालू लागायचे.

त्यात आखाजी जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. त्या दिवशी मुलगी माहेरी गेली नाही, तर लोक तिच्या सासरला बोल लावतात. माझं माहेर तासाभराच्या रस्त्यावर आहे, पण ते गुजरातेत, निझर तालुक्यात. आजवर या गोष्टीचं कुणाला काही वाटलं नव्हतं. राज्य बदललं हे मोबाइल सांगायचा, नाहीतर एकाएकी गाडीचे हादरे थांबायचे त्यावरून कळायचं. भाऊ गुजरातच्या रस्त्यांचा तोरा मिरवायचा आणि मी त्याला गप्प बस म्हणायचे. त्याची मुलं गुजराती शाळेत जातात, माझा मराठी निरोप त्यांना वाचता येत नाही, पण भांडतात अस्सल अहिराणीत. आईच्या लहानपणी तो मुलूख खानदेशातच होता. मग राज्यांची वाटणी झाली आणि गावं गुजरातेत गेली. माणसं होती तिथेच होती.

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. त्या दिवसांत डब्याला फोन टेकवून राजकीय भूगोलाचा धडा घेत होते. राज्याला भूप्रदेश लागतो, लोक लागतात, शासन लागतं, सार्वभौमत्व लागतं. राष्ट्राला 'आपण एक आहोत' एवढी भावना असली तरी चालतं. सीमांत म्हणजे पट्टा, सीमा म्हणजे रेषा, आणि रेषेला रुंदी नसते. हे वाक्य मी वर्षानुवर्षं मोठ्या थाटात सांगत आले होते. आता त्या बिनरुंदीच्या रेषेवर बाभळीच्या काट्या टाकून ठेवल्या होत्या, आणि पलीकडे होमगार्ड खुर्ची टाकून बसला होता. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सीमा बंद केली म्हणजे नक्की काय बंद केलं?" मी म्हटलं, पुढच्या तासाला बघू. मलाही तेच कुणाला तरी विचारायचं होतं.

आईचं हृदय थकलं होतं. सुरतच्या डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या पावसाळ्याच्या पुढचं आम्ही काही बोलणार नाही. म्हणजे ही तिची शेवटची आखाजी. मला तिला बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

भावाला फोन केला, की काट्या ओलांडून चालत येते. तो म्हणाला, "तू उनी ते बठ्ठं घर बंद करी टाकतीन. मंग मायले सुरत कशी लई जाऊ?" त्याचं बरोबर होतं. बाहेरून कुणी आलं की गाववाले घराला बांबू ठोकत होते, आणि आईला ठरावीक दिवशी सुरतेला सुई घ्यायला न्यावं लागे. मी जायचं म्हणजे तिची सुई चुकवायची. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तेव्हा मला नाला आठवला. माहेरच्या गावाची शीव म्हणजे एक नाला. त्याच्या अलीकडचं गाव महाराष्ट्रात, पलीकडचं माझं माहेर. आखाजीला दुपार कलली की दोन्ही गावांतल्या बाया गौराई घेऊन आपापल्या काठावर येतात आणि एकमेकींना शिव्या देतात. अगदी ठेवणीतल्या. जिला उत्तर सुचत नाही ती हरली. मग सगळ्या हसत हसत घरी जातात आणि वर्षभर एकमेकींकडून विरजण मागून आणतात.

यात एक नियम आहे. जिथं नांदायचं, तिथूनच भांडायचं. आई मूळची या अलीकडच्या गावची. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला सकाळी ती नाला ओलांडून माहेरी आली, आमरस जेवली, आणि दुपारी तिला परत सासरच्या काठावर उभं केलं. समोर तिची स्वतःची आई. हिच्या तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा आजीनंच ओरडून सांगितलं, की दे शिवी, नाहीतर लोक म्हणतील माझी पोर नांदत नाही. आईनं मग अशी काही शिवी दिली, की आजीला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून आई कधी हरली नाही. माझं सासर लांबचं, म्हणून मला नियमातून सूट होती. मी दर वर्षी आईच्या काठावर, तिच्या पदराआडून चिवचिवायचे.

आखाजीच्या दिवशी आम्ही शेताशेतातून मोटारसायकल घातली आणि अलीकडच्या काठावर पोचलो. जमायला बंदी होती, म्हणून एकही बाई नव्हती. नाला ठणठणीत कोरडा. नुसते गोटे, आणि कुणाची तरी शेळी या राज्यातून त्या राज्यात चरत निघाली होती. ठरल्याप्रमाणे भाऊ आईला गाडीवर मागं बसवून पलीकडच्या काठावर घेऊन आला. तो नाल्यात उतरला, मधल्या खडकावर सांजोऱ्यांचा डबा ठेवून मागं फिरला, आणि तो वर चढल्यावर मी जाऊन डबा उचलला. डबा अजून गरम होता. आई तिथून समोरच होती. चार ढांगा टाकल्या असत्या तर तिचा हात हातात आला असता. नवऱ्यानं मागून हाक मारली आणि मी परत काठ चढले.

आई फार वाळली होती. लुगडं तिच्यावर टांगल्यासारखं दिसत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी कुठं उभी आहे ते पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवले.

"ओ तिकडनी," ती ओरडली, "तुम्हना गावनी दाय शिजत नही नि पोर नांदत नही."

आवाज चिरका झाला होता, पण रोख तोच. नवरा फस्सकन हसला. मला रडू कोसळलं.

"रडाले उनी का भांडाले?" आई म्हणाली.

मी डोळे पुसले. आयुष्यात पहिल्यांदा मी आईच्या समोरच्या काठावर होते, ज्या काठावर तिची आई उभी असायची. हातात डबा, आणि काय बोलायचं? शेवटी जे तोंडाला आलं ते ओरडले, "तुम्हना आंबा बी आंबट नि बाया बी आंबट."

अगदी पोरकट शिवी. दहा वर्षांच्या पोरीनंसुद्धा हिला तोंडात मारल्यासारखं उत्तर दिलं असतं. आईनं तोंड उघडलं. मी वाट पाहत राहिले. मग तिनं तोंड मिटलं, भावाच्या दंडाला धरून सावकाश खाली बसली आणि म्हणाली, "हारनी मी. जाय आते घर."

भावानं चमकून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

रस्त्यावरच्या काट्या काढल्या तोवर आई गेली होती. आता आखाजीला दोन्ही काठ पुन्हा भरतात. मीही जाते, पण एका काठावर ठरत नाही. वहिनी आपल्या बाजूनं ओढते, अलीकडच्या बाया आईचं माहेर म्हणून आपल्याकडे बोलावतात. मी नाल्यातल्या गोट्यांवरून ये-जा करत राहते आणि दोन्हीकडच्या शिव्या खाते. वर्गात अजून सांगते, की सीमेला रुंदी नसते, आणि सांगताना टेबलापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारते.

त्या दिवशी आईला उत्तर सुचलं नाही, यावर माझा अजिबात विश्वास नाही. ते जिंकणं मला नको आहे. तिनं त्या काठावर पुन्हा एकदा उभं राहावं आणि मला हरवावं.