दाविदची छुट्टी

उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर आम्ही नऊ जवान होतो. त्यात ख्रिश्चन एकटा, लान्स नायक दाविद साळवे, आमच्याच नागपूरचा. पोस्टवर एक नियम होता, कुठल्याही हुकमात न लिहिलेला : ज्याचा सण, त्याची छुट्टी. दिवाळीला माझा पहारा दाविदनं दिला. ईदला रफिकचा आम्ही वाटून घेतला. नाताळच्या सकाळची दाविदची गस्त माझ्याकडे आली. उपकार केल्यासारखं कोणाला वाटत नव्हतं.

त्या सकाळी मी पाय मुरगळला म्हणून सांगितलं. पाय ठीक होता. थंडीत बाहेर पडायचं जिवावर आलं होतं. दाविदनं प्रार्थना संपवली आणि रायफल उचलली.

"झोप गा तू. माझा सण काही पळून नाही जाऊन राहिला."

काही वेळानं वायरलेस सेटवर आवाज आला. "बर्फ टूटा है. साळवे दब गया. ओव्हर."

आम्ही खणून काढलं तोवर तो गेला होता. घरी कळवलं गेलं ते एवढंच, की ड्युटीवर शहीद. मीही आजवर तेवढंच सांगत आलो.

निवृत्तीनंतर मी नागपूरला, प्रताप नगरात राहतो. दाविदच्या पत्नी, रूथवहिनी, मागच्याच गल्लीत. नाताळला त्यांच्या दारात कागदी चांदणी लागते आणि अंगणात दहाबारा माणसं गाणी म्हणतात. मी मागच्या खुर्चीवर बसतो. यंदा वस्तीतली चार पोरं फाटकातून आत आली. चांदणी उतरवा म्हणाली, गाणं बंद करा, इथं धर्मांतर चालतं. पेटीवाल्यानं भाता मिटला. शेजारी गॅलरीतून बघत राहिले. गणपतीच्या मांडवाला ह्याच घरातून वीज नेतात ते. तेव्हा कोणाला धर्म आठवत नाही.

मी उठलो. एकानं मला ओळखलं.

"फौजीकाका, तुम्ही तर आपले. तुम्ही काहून मधात पडून राहिले?"

आपले. पोस्टवर हा शब्द नऊ जणांना पुरत होता. ह्यांच्या तोंडी तो एका गल्लीला पुरेना.

"दिवाळीले मी दिवा लावला, तेव्हा माझ्या जागी ह्या घरचा माणूस पहाऱ्यावर उभा होता," मी म्हणालो. "नाताळले माझी पाळी आली, तं मी खोटं बोलून झोपलो. तो माझ्या ड्युटीवर मेला. उतरव चांदणी. पण आधी मले बाजूले कर."

कोणी हात लावला नाही. पुन्हा येऊ म्हणत पोरं गेली. येऊ देत. मी फाटकातच बसेन. ह्या देशात आपापला सण करता येतो, ह्याचे आभार मला भाषणवाल्यांचे मानायचे नाहीत. दुसऱ्याच्या सणाला जो पहारा देतो, त्याचे मानायचे आहेत.

वहिनींकडे बघायची माझी हिंमत होईना. मग त्यांनी एवढंच विचारलं.

"जाताना काही खाल्लं होतं का त्यायनं?"

खाल्लं होतं. लंगरमध्ये, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरात, शिरा केला होता. दाविदनं तो ताटलीत थापला आणि केक म्हणून सुरीनं कापला. मी अंथरुणात होतो, म्हणून पहिला तुकडा त्यानं मला आणून भरवला. कडेचा, करपलेला, स्वतः खाल्ला आणि निघाला.