शेवट चुकलो, असं भिकूकाका म्हणाला

कणकवली डेपोत आमची गाडी लागत होती, तेवढ्यात गावचा एक जण खिडकीतून ओरडला, "आयकलंस काय? भिकूकाका गेलो!" मी सवयीने बोलून गेलो, "खंय? पलीकडे?" दोघं-चौघं हसले. तो हसला नाही. मग मला कळलं... महिना झाला, पण तो विनोद अजून तोंडात कडू लागतो. गावात मी नकलांसाठीच ओळखला जातो, पण आता नकला करवत नाहीत. आवाजांचाच कंटाळा आलाय.

भिकूकाका आमच्या खाडीवरचा तारी, होडीतून माणसं पलीकडे पोचवायचा. शेवटची खेप झाली की होडी बांधायच्या आधी पलीकडे तोंड करून कोणी मागे राहिलंय का म्हणून तीनदा ओरडायचा, "कोण रवलां काय रे?" उत्तर नाही आलं तरच दोर बांधायचा. ही हाक मी शाळेच्या गॅदरिंगला हुबेहूब काढली, तेव्हा पुढे बसलेला काका म्हणाला होता, "मेलो माझ्यापेक्षा बरो वराडता!"

कॉलेजात गेल्यावर कणकवलीला एका उडणाऱ्या माणसाचा इंग्रजी पिक्चर बघितला आणि होडीत काकाला सगळ्या आवाजांत करून दाखवला. सुरुवातीला हिरो नुसता टाळ्यांसाठी उडतो. मग पुरात एक म्हातारी मागे राहून जाते, आणि त्यानंतर त्याला झोप लागत नाही. शेवटी सगळं शहर वाचवतो आणि आकाशात निघून जातो, कायमचा. काकाने वल्हं थांबवलं.

"जाताना मागे बघल्यान?"

"नाय."

"मगे शेवट चुकलो."

"काका, हिरो तो! स्टाइल आसा ती."

"स्टाइल घाल चुलीत. सुरवातीक असो गेलो असतो तर ठीक. पण म्हातारी रवली म्हणान ज्याची झोप उडाली, तो मागे बघल्याशिवाय जायत कसो रे?"

मला वाटलं, बघूया तरी हा स्वतः किती मागे बघतो. एकदा मी पलीकडे मावशीकडे राहायला गेलो होतो. संध्याकाळी काकाची हाक आली, तसा झाडाआडून म्हातारीच्या आवाजात ओरडलो, "थांब रे भिकू, मी आसंय!" भरतीचं पाणी कापत तो आला. किनाऱ्यावर मी एकटाच, पोट धरून हसत. काकाने वल्हं चिखलात रोवून होडी थांबवली. "बाबा, उद्या कोण खरीच रवली आणि माका वाटला, तूच तो... तर?" एवढंच बोलला आणि रिकामी होडी वळवली.

माफी मागायची राहिली. तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्यासाठीच गेलो होतो. त्याने विचारलं, "तो पिच्चरातलो परत इलो काय रे?" आणि मी मेल्याने पुन्हा विनोदच केला, "दुसरो भाग येतलो तेव्हा सांगतंय." तो हसला, मग खोकत राहिला...

आता होडी त्याचा पुतण्या चालवतो. खेप संपली की सरळ दोर बांधतो. परवा मी धक्क्यावर होतो. तो गाठ मारत होता आणि माझ्या तोंडून काकाची हाक गेली. एकदा, दोनदा. तिसऱ्या हाकेला पलीकडून बाईचा बारीक आवाज आला, "आसंय रे, थांब!"

पुतण्याने माझ्याकडे बघितलं. "तूच काढलंस ना आवाज?"

"नाय रे. देवाशपथ नाय."

"गप रे. तुका काय मी वळखत नाय?"

तो घरी गेला. गाठ मी सोडली. वल्हं हातात घेतलं, तर काकाच्या मुठीने झिजलेली जागा अजून गुळगुळीत होती.