मिठाच्या जागचा स्क्रू

माझे व्याही गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलेले नाहीत, आणि तरीही पाण्यावर धावणाऱ्या स्कूटरचा कार्ब्युरेटर त्यांच्याइतका जाणणारा माणूस कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत झाला नाही, पुढे होईल असंही मला वाटत नाही. समुद्रावर सहलीला गेल्यावर पोरं ज्या वॉटर स्कूटरवर बसून किंचाळत जातात, ती गाडी म्हणतो मी. आमच्याकडे समुद्र नाही. आहेत ती भातखाचरं, कारखान्यांच्या चिमण्या आणि घाट चढताना धापा टाकणारे ट्रक. पण गेल्या काही वर्षांत फार्महाऊसं झाली, त्यांच्यामागे तळी खणली गेली आणि तळ्यांवर किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्या आल्या. त्या बिघडल्या की टेंपोत चढून कुंभिवलीजवळच्या माझ्या व्याह्यांच्या पडवीत येतात. खोपोलीच्या एका कारखान्यात जन्मभर मेंटेनन्सला राहिलेला हा माणूस त्यांची पोटं उघडतो, धुतो, पुन्हा बसवतो आणि पाठवून देतो. गाडी पुढे तळ्यात कशी पळते हे बघायला मात्र जात नाही. "आपलं काम हवा आन् पेट्रोलचं. पानी त्यांचं त्यांनी बघावं," असं ते म्हणतात.

त्यांची माझी पहिली भेट माझ्या मुलीला बघायला ते कर्जतला आले तेव्हाची. बाकीची मंडळी आत बसली, पोहे आले, आणि मुलाचे वडीलच दिसेनात. ते अंगणात माझ्या जुन्या स्कूटरपाशी उकिडवे बसले होते आणि तिचा कार्ब्युरेटर त्यांच्या मांडीवरच्या रुमालात होता. मी घाबरून माफी मागितली. कशाची ते मलाही ठाऊक नव्हतं. मुलगी बाहेर येण्याआधीच काळ्या हातांनी आत येऊन त्यांनी जाहीर केलं, "सोयरीक पसंत हाय. असल्या कारबेटरवर जो मानूस रोज किका मारतो आन् शिवी देत नाय, त्याच्या घरची पोर आमच्याकडं टिकंल." त्या दिवसापासून माझी स्कूटर पहिल्या किकेला सुरू होते आणि मुलगीही टिकली आहे.

सगळं जग त्यांना इंजिनासारखं ऐकू येतं. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला कथा ऐन रंगात आली असताना रस्त्यावरून एक रिक्षा गेली, आणि हात जोडून बसलेले व्याही डोळे न उघडता म्हणाले, "चोक अडकलाय." गुरुजी थांबले. त्यांना वाटलं, आपल्याला म्हणाले. कुणी खोकलं की "हवा घेतंय" आणि कुणी तावातावाने भांडायला लागलं की "रेस कमी करा" हे ठरलेलं. माझ्या पित्ताचं निदान त्यांनी, माझी वाटी बघून, "तेल जास्त पडतंय" असं केलं, आणि डॉक्टरांनी पुढे वेगळं काही सांगितलं नाही.

कार्ब्युरेटरमधल्या जेटचं, म्हणजे पेट्रोल जिच्यातून येतं त्या पितळी नळीचं, भोक केसासारखं बारीक असतं. दुसरे मेकॅनिक त्यात तार घालतात. तारेने भोक मोठं होतं, म्हणून व्याह्यांच्या मते तो गुन्हा आहे. त्यांना लागतो घोड्याच्या शेपटीचा केस, आणि तोही माथेरानच्या घोड्याचा, कारण तो घोडा चढ चढतो. चढाचा आणि केसाचा संबंध काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी मुलीचा बाप. व्याह्यांनी सांगितलं म्हणून माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर जाऊन एका घोडेवाल्याकडे मी शेपटीचे चार केस मागितले. त्याला करणीचा संशय आला. मी खरं कारण सांगितलं, तेव्हा त्याचा संशय पक्का झाला. शेवटी घोड्याची आणि त्याची दोघांची क्षमा मागून, तिथेच खाली पडलेले केस उचलून आणले. व्याह्यांनी ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "मादीचे हायत. चालतील."

पण त्यांची खरी कमाल ताटात. कार्ब्युरेटर खोलला की त्याचे भाग ते स्टीलच्या ताटात मांडतात, आणि ते ताट माझ्या मुलीच्या रुखवतातलं आहे. मांडणी नैवेद्याची. मधोमध पोळीच्या जागी डायफ्राम, म्हणजे रबराची पातळ चकती. डाव्या हाताला चटणी-कोशिंबिरीकडे जेट, उजवीकडे भाजीच्या जागी सुई आणि तिची स्प्रिंग, आणि वर मिठाच्या जागी तो लहानसा पितळी स्क्रू, ज्याच्या पाव फेऱ्यावर सगळ्या गाडीचा स्वभाव ठरतो. उलट क्रमाने उचलत गेलं की कार्ब्युरेटर बरोबर बसतो. "जेवताना कधी चुकता का?" असं मला विचारून त्यांनी हे शिकवलं. दुसरा नियम पाण्याचा. कोरड्यावर गाडी चालवायची तर इंजिन थंड राहायला बागेची नळी जोडावी लागते. आधी इंजिन, मग पाणी, आणि बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. नाहीतर पाणी इंजिनात शिरतं. एकदा मी उलटं केलं. त्यांनी काही म्हटलं नाही, पण त्या दिवशी मला चहा बिनसाखरेचा मिळाला.

आता मी तिथे दर रविवारी का असायचो, ते सांगायला हवं. आमच्या आईची शिकवण अशी, की बापाने लेकीच्या घरी कामाशिवाय बसू नये. मला तर काम असतानाही कुठे बसायचा संकोच वाटतो. बायको गेल्यापासून कर्जतच्या घरात रविवार संपता संपत नसे. मुलगी फोनवर ये म्हणायची आणि मी कारणं सांगायचो. एकदा व्याह्यांचाच फोन आला. "एक गाडी आलीय. मालकानं टाकून दिली. जोड कारबेटर हाय, मला एकट्याला हात पुरत नाय. आयतवारी या." मी गेलो. गाडी पडवीत दोन टायरांवर बसवलेली होती. संध्याकाळी ती चालली, पण खोकत. "अजून बसलं नाय," व्याही म्हणाले. "पुढच्या आयतवारी बघू."

असे पुष्कळ रविवार गेले. पळसदरीच्या रस्त्याने खोपोली, शिळफाट्यावरून मिठाई, आणि मग पडवी. मुलगी भाकरी थापता थापता बोलायची, मी सुई घासता घासता ऐकायचो. तिच्या घरी मी बसलेलो नव्हतो. मी कामावर होतो. दुसऱ्यांच्या गाड्या एका दिवसात नीट करणाऱ्या माणसाला ही एकच गाडी का जमत नाही, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटायचं, माझाच हात वाईट.

मग एका रविवारी ते म्हणाले, आज तुम्हीच लावा. मी मिठाच्या जागचा स्क्रू कान देऊन फिरवत गेलो, आणि अचानक ती गाडी एका सुरात घुमायला लागली. स्क्रूची खाच तुळशीकडे तोंड करून होती, हे मी मनात धरून ठेवलं. पुढच्या रविवारी गेलो तर गाडी पुन्हा खोकत होती आणि खाच कोंबड्यांच्या खुराड्याकडे. मी घट्ट बसवला नसणार, हादऱ्याने फिरला असणार. शेवटी जेवताना घास ठेवून म्हणालो, "व्याही, माझ्या हातून चूक झाली. स्क्रू सुटला."

व्याही ताटात बघत राहिले. विहीणबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या,

"तुमची कसली चूक, दादा? शनवारी तिनसांजंला हेच जातात पेचकस घेऊन. म्हंतात, गाडी नीट झाली तं मानूस यायचा बंद होईल."

मुलगी चुलीकडे वळली. तिचे खांदे हलत होते; हसत असावी.

"तू भाकर वाढ गं," व्याही म्हणाले.

यावर आम्ही दोघांनी पुन्हा कधी शब्द काढला नाही. रविवार चालू राहिले. पण जावयांना पडवीत चारचाकी लावायची होती. त्यांनी ती गाडी घ्यायला एक तळ्यावाला गाठला आणि टेंपो ठरवला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पडवी घरची होती. व्याही फोनवर एवढंच म्हणाले, "या आयतवारी शेवटचं बघून घेऊ."

त्या दिवशी ताट मांडलं, उचललं, नळी जोडली. आधी इंजिन, मग पाणी. गाडी अशी चालली, की रस्त्यावरचा एक माणूस ऐकत थांबला. व्याह्यांनी डोळे मिटले. जावई दारात येऊन म्हणाले, "झाली वाटतं, आप्पा." व्याही उठून नळ बंद करायला गेले. नळ पाच पावलांवर आहे, पण ते माझ्याकडे पाठ करून तिथे फार वेळ उभे राहिले. इंजिन चालूच होतं. मी पेचकस उचलला आणि तुळशीकडची खाच खुराड्याकडे फिरवली.

गाडी खोकली, धूर सोडला आणि बंद पडली.

व्याही हळूच वळले. माझ्या हातातल्या पेचकसाकडे त्यांनी पाहिलं, मग आढ्याकडे. "नाय रं," ते मुलाला म्हणाले, "अशी गाडी देता यायची नाय. आपलं नाव जाईल."

"मग टेंपो नको म्हणता?"

"नको. अजून बसलं नाय."

जावयांनी माझ्याकडे न बघता फोन लावला. मुलीने ताट धुवायला नेलं. त्याचा पेट्रोलचा वास आता कधी जायचा नाही. व्याही मला रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि स्कूटर पहिल्या किकेला सुरू झाली तशी नेहमीसारखी मान हलवून परत फिरले. त्यांची चाल आता थोडी संथ झाली आहे, हे मला पाठीमागून दिसलं.

माझा स्वभाव मला माहीत आहे. असं काही केलं की मला खायला उठतं. शिळफाटा गेला, खोपोली गेली, मी वाट बघत होतो. पळसदरी आली तरी काही उठलं नाही. तलावाच्या कडेला थांबून मी थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं, आणि हाताचा वास घेतला.